नऊ मशीनची वही

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन. त्याच्या दर्शनी बाजूला एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात आकडे असतात. मोटारसायकलला जसे किलोमीटर, तसे मशीनला तास. मशीन आजवर किती तास चाललं, ते हा मीटर सांगतो. एप्रिल 2021 मध्ये मला ऑक्सिजनच्या वाटपाबद्दल जे काही कळलं, ते या खिडकीतून कळलं. त्याआधी वीस वर्षं मी कॉलेजात गणित शिकवत होतो.

अमळनेरला आमचा शाळेतल्या मित्रांचा गट आहे. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा गटाने पैसे जमवले. कुणी सुरतहून, कुणी पुण्याहून ओळखी काढल्या आणि मिनिटाला पाच लिटरची नऊ मशीनं आणली. ज्यांना हॉस्पिटलात बेड मिळत नव्हता, किंवा जे हॉस्पिटलातून घरी आले होते पण ज्यांची रक्तातल्या ऑक्सिजनची लेव्हल अजून डळमळत होती, त्यांच्यासाठी ती होती. भाडं नाही, डिपॉझिट नाही. हिशोबाचा माणूस म्हणून वही माझ्याकडे आली. नाव, गाव, फोन, मशीन नंबर, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. पहिल्या आठवड्यात नऊही मशीनं गेली आणि परत आल्याच्या रकान्यात काहीच लिहिलं जाईना.

फोन मात्र थांबत नव्हता. “सर, लेव्हल 89 शे.” “भाऊ, सीटी स्कॅनचा स्कोअर 14 आलाय, धुळ्याला बेड नाही, जळगावला नाही.” दुपारी त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशाचं ऊन, पत्र्याची घरं, त्यात लाइट जाणार. मी दिवसाला चार-पाच जणांना नाही म्हणत होतो. नाही म्हणताना काय बोलायचं ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. “पालथं झोपवा, दर दोन तासांनी लेव्हल लिहा,” एवढं सांगायचो. ते खरंच उपयोगाचं होतं. पालथं झोपल्यावर पुष्कळांची लेव्हल दोन-तीन आकड्यांनी वर यायची. पण मशीन मागणाऱ्याला ते नकारासारखंच ऐकू जायचं.

एका दुपारी 4 नंबरच्या मशीनचा फिल्टर धुवायला म्हणून बोरीकाठच्या एका गावात गेलो. काका ओट्यावर बसून भाकरी खात होते, लेव्हल 96. मशीन आत कोपऱ्यात, त्यावर धुतलेला टॉवेल घातलेला. मी सहज मीटर पाहिला. नेताना लिहिलेला आकडा वहीत होताच. मशीन अकरा दिवस त्या घरात होतं आणि शेवटचे चार दिवस ते सुरूच झालेलं नव्हतं. मी काकूंना म्हटलं, की आता काका बरे आहेत, मी मशीन घेऊन जाऊ का? त्यांनी टॉवेलवर हात ठेवला.

“भाऊ, मशीन आते लई जाऊ नको. रातले काही व्हई गयं ते आम्ही कोठे जावानं?”

या बाईला स्वार्थी म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांच्या गल्लीतून आठवड्यात दोन माणसं गेली होती. परत केलेलं मशीन पुन्हा मागायला गेलं तर मिळणार नाही, हे त्यांनी माझ्याच तोंडून इतरांना सांगितलेलं ऐकलं होतं. मी मशीन तिथेच ठेवून परतलो.

त्या रात्री सगळ्यांना फोन करून मीटरचे आकडे मागवले. हिशोब असा निघाला: मशीन सरासरी 12 दिवस घरात राहत होतं, पण चालत होतं सरासरी 170 तास, म्हणजे सात दिवसांइतकंच. उरलेले पाच दिवस ते नुसतं धीर देत उभं होतं.

रांगांच्या गणितात एक फार साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी तो 1961 मध्ये सिद्ध केला, म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे रोज येणारे गुणिले प्रत्येकजण जितके दिवस राहतो ते दिवस. बस. हॉटेलातली टेबलं, धरमशाळेतल्या खोल्या, हॉस्पिटलातल्या खाटा, सगळ्यांना तो लागू. आमच्याकडे नऊ मशीनं, प्रत्येकाचा मुक्काम 12 दिवस. म्हणजे चार दिवसांत आम्ही फक्त तीन नव्या घरांना मशीन देऊ शकत होतो. मुक्काम नऊ दिवसांवर आला असता तर रोज एका घराला देता आलं असतं. तीन दिवस कमी होणं म्हणजे तीन नवी मशीनं विकत घेतल्यासारखं होतं, आणि तेव्हा बाजारात पैसे मोजूनही मशीन मिळत नव्हतं.

पण दिवस कमी करायचे कसे? दटावून? काकूंच्या हाताखालून टॉवेल ओढून?

मला माझं आजोळ आठवलं. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आमच्या आप्पांची, म्हणजे आईच्या वडिलांची, जमीन फडात होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांना फड म्हणजे तमाशाचा किंवा उसाचा एवढंच वाटेल. इथला फड पाण्याचा. नदीवर दगडी बंधारा, त्याच्या काठावरून निघालेला पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन बहुतेक ठिकाणी चार फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी एकच प्रकारचं पीक. ऊस असला तर सगळा ऊस, गहू असला तर सगळा गहू. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. ही पद्धत तीन-चारशे वर्षांपासून पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर चालत आली आहे.

लहानपणी मला कळायचं नाही की आप्पांची जमीन अशी तुकड्यातुकड्यांत का. एक इथे, एक पार पल्याड. त्यांनी सांगितलं होतं की पाणी कमी पडलं तर गाव बसून ठरवतं, यंदा अमुक फड कोरडा. तुझी सगळी जमीन त्या एकाच फडात असेल तर तू मेलास. पण प्रत्येकाचा थोडा थोडा तुकडा निरनिराळ्या फडांत असेल, तर दुष्काळ सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा येतो. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, मी पाहिली होती. शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नसे. पाणी द्यायचा तो पाटकरी, गावाने नेमलेला. रात्री पाटावर जागल्या फिरायचा. आप्पांची पाळी गुरुवारी असली तर बुधवारी रात्री ते घोरत पडायचे. पाळी येणार याची खात्री होती, म्हणून पाणी साठवून धरायची, बांध फोडायची कुणाला गरज वाटत नसे.

काकूंना मशीन नको होतं. त्यांना पाळीची खात्री हवी होती.

दुसऱ्या दिवशी गटात मी म्हटलं, नवातलं एक मशीन कुणालाच द्यायचं नाही. ते माझ्या घरी, गाडीच्या जवळ, तयार राहील. जो मशीन परत करेल त्याला सही करून कागद द्यायचा: पुन्हा लेव्हल 92 च्या खाली गेली तर, कितीही वाजता, अर्ध्या तासात हे राखीव मशीन तुमच्या दारात. मित्र चिडले. इथे माणसं तडफडताहेत आणि तू एक मशीन रिकामं ठेवणार? त्यांचं चिडणं मला समजत होतं. मी फळ्यावर मांडतात तसं कागदावर मांडलं. नऊ फिरतात आणि 12 दिवस अडकतात, तर चार दिवसांत तीन घरं. आठ फिरली आणि आठ दिवसांत परत आली, तर चार दिवसांत चार घरं. एक रिकामं ठेवल्याने जास्त घरांना मिळतं, फक्त लोकांनी कागदावर विश्वास ठेवला पाहिजे.

त्यांनी ठेवला. 4 नंबर तिसऱ्या दिवशी काकांच्या मुलाने स्वतः मोटारसायकलवर आणून दिलं, टॉवेलसकट. पंधरवड्यात मुक्काम आठ दिवसांवर आला.

हे आमचं गल्लीतलं गणित. याचा थोरला भाऊ शंभर वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये जन्मला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अ‍ॅग्नर क्रारुप एरलांग नावाचा गणिती होता. एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या म्हणजे फोन करणाऱ्याला फार वेळा ‘व्यस्त आहे’ ऐकावं लागणार नाही, हा त्याचा प्रश्न. 1917 मध्ये त्याने त्याचं सूत्र दिलं. लाइनीच्या जागी व्हेंटिलेटर ठेवा, फोनच्या जागी रुग्ण. सूत्र तेच राहतं.

मी ते त्या दिवसांत सोडवून पाहिलं. समजा चार हॉस्पिटलं आहेत, प्रत्येकाकडे पाच व्हेंटिलेटर आणि प्रत्येकाकडे सरासरी चार व्हेंटिलेटर व्यापतील इतके रुग्ण येतात. वरवर पाहता एक मशीन शिल्लकच. तरीही रुग्ण ठरवून येत नाहीत, कधी एकदम तिघे येतात, म्हणून प्रत्येक हॉस्पिटल शंभरातल्या 20 जणांना परत पाठवतं. आता तीच वीस मशीनं आणि तेच रुग्ण, फक्त चारही हॉस्पिटलांची यादी एक करा. कुणीही आला की जिथे मोकळं असेल तिथे जाईल. परत जाणारे शंभरात 6. नवं मशीन एकही नाही. डॉक्टर वाढले नाहीत. फक्त कुठे काय मोकळं आहे हे एकाच ठिकाणी दिसतं. शंभरातली ती चौदा माणसं गणिताने वाचवलेली आहेत असं मी म्हणतो, आणि हे म्हणताना मला माझ्या विषयाचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा कधी वाटला नव्हता. त्या एप्रिलमध्ये एकेका घरातली चार-चार माणसं चार फोन घेऊन चार हॉस्पिटलांना विचारत होती. म्हणजे आपण एक यादी करण्याऐवजी प्रत्येक घराला आपापली यादी करायला लावत होतो.

त्याच कोपनहेगनमध्ये 1952 साली पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात श्वास बंद पडलेल्या मुलांची रीघ, आणि शरीरभर बसणारं श्वासाचं यंत्र, म्हणजे लोखंडी फुप्फुस, एकच. छातीवर बसणारी आणखी सहा. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीचे सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, एकेका मुलाजवळ बसून पिशवी दाबत राहिले. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षाच्या पोरांनी हाताने व्हेंटिलेटर चालवले. वाटपाचा प्रश्न तिथे मशीन वाटून सुटला नाही, हात वाढवून सुटला. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही फोन खाली ठेवतात.

एक यादी करायची म्हणजे वस्तू हलवावी लागते, आणि इथे अंतर मध्ये येतं. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाला धुळ्यात व्हेंटिलेटर मोकळा आहे याचा काय उपयोग? ऑक्सिजनच्या बाबतीत तर देशानेच हे अनुभवलं. 19 एप्रिल 2021 ला कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. वॅगनवरचा टँकर उंच, घाटातले बोगदे आणि वरच्या तारा आड येतात, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ अशा लांबच्या वाटेने गेली. म्हणजे आमच्याच स्टेशनातून. मी पाहिली नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात मार्ग वाचला तेव्हा रुळांपर्यंत जाऊन उगाच उभा राहून आलो.

आणि नंदुरबार. आमच्या खानदेशातला सगळ्यात मागास म्हणून ज्याचं नाव घेतात तो जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे. पहिली लाट ओसरत होती, सगळे सुटकेचा श्वास टाकत होते, तेव्हा सप्टेंबर 2020 मध्ये त्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट उभा केला आणि दुसरी लाट यायच्या सुमारास आणखी दोन. टंचाई आल्यावर टँकरची वाट पाहायची नसेल, तर टंचाई नसताना पैसे खर्च करायचं धाडस लागतं. पाऊस असताना बंधारा दुरुस्त करणारी जी जुनी माणसं होती, त्यांच्याच मुलखातला हा माणूस.

ऑक्सिजन किती लागतो हाही साधा भागाकारच. जम्बो सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे 7000 लिटर वायू. मिनिटाला पाच लिटरवर असलेल्या रुग्णाला तो जवळजवळ पूर्ण दिवस पुरतो. दहा लिटरवर 700 मिनिटं, बारा तासांना थोडा कमी. आणि नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणारी जी यंत्रं तेव्हा आली, ती मिनिटाला 60 लिटरपर्यंत ओढतात. त्या वेगाने एक सिलिंडर दोन तासही टिकत नाही. एका खाटेवर बारा जणांचा ऑक्सिजन. त्या खाटेवर कुणाला ठेवायचं हे ठरवणाऱ्या डॉक्टरच्या मनात रोज हा भागाकार चालत असणार.

इथपर्यंत गणित सोबत येतं. पण गरज मशीनच्या दुप्पट झाली की एरलांगचं सूत्रही हात टेकतं. यादी एक करा की चार, निम्मी माणसं बाहेरच राहतात. मग प्रश्न उरतो तो ‘कोण’. इथे मी गणिताला फार पुढे जाऊ देणार नाही. तरी एक काम ते अजूनही करू शकतं: आपण लिहिलेल्या नियमाचा खरा अर्थ काय होतो, ते नियम वापरण्याआधी दाखवायचं.

2020 मध्ये पराग पाठक, तैफून सोन्मेझ, उत्कू उनव्हर आणि बुमिन येनमेझ या अर्थशास्त्रज्ञांनी व्हेंटिलेटर आणि लशी वाटण्यासाठी राखीव जागांची पद्धत मांडली. यांतल्या सोन्मेझ आणि येनमेझ यांनी आपल्या भारतातल्या आरक्षणाच्या नियमांचाही बारकाईने अभ्यास केलेला आहे, 1992 च्या इंद्रा साहनी निकालापासूनचा. आपल्याकडे ओपनमधून लागलेला उमेदवार आरक्षित जागेत मोजायचा की नाही, यावर लोक कोर्टात गेलेत. तोच पेच हॉस्पिटलात येतो.

समजा दहा व्हेंटिलेटर आहेत आणि त्यांतले दोन नर्स-डॉक्टर-सफाई कामगारांसाठी राखीव, कारण ते बरे झाले तर इतरांना वाचवतील. डॉक्टरांनी गरजेनुसार क्रम लावलेली यादी तयार आहे, आणि पहिल्या आठांतच दोन आरोग्य कर्मचारी आहेत. नववा, दहावा तसा नाही. आधी आठ खुले भरले तर ते दोघे खुल्यात येतात, आणि राखीव दोन खालच्या कर्मचाऱ्यांना मिळतात. एकूण चार. आधी राखीव भरले तर तेच दोघे राखीवात जातात आणि नववा-दहावा माणूस आत येतो. एकूण कर्मचारी दोन. कागदावरचा नियम अक्षर न अक्षर सारखा, ‘दोन राखीव’. फक्त भरायचा क्रम वेगळा, आणि दोन माणसांचा जीव इकडचा तिकडे. हे ठरवणाऱ्या समितीला बहुतेक वेळा माहीतही नसतं की आपण क्रमसुद्धा ठरवतो आहोत. यातला कुठला क्रम बरोबर, हे गणित सांगत नाही. पण जो निवडाल तो जाणून निवडा, उजेडात निवडा, हे ते नक्की सांगतं.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री पावणेदोनला फोन आला. चौतीस वर्षांचा माणूस, लेव्हल 86, अ‍ॅम्ब्युलन्स यायला दोन-अडीच तास. आठही मशीनं बाहेर. नववं माझ्या दाराशी, आणि त्याच्यावर सतरा घरांचा हक्क, माझ्या सहीने.

मी वही उघडली. तीन आठवड्यांत राखीव मशीन फक्त दोनदा मागितलं गेलं होतं. म्हणजे त्या रात्री कुणी मागण्याची शक्यता दहात एकापेक्षाही कमी. मी मशीन गाडीत टाकलं आणि देऊन आलो. नळी त्याच्या नाकाला लावली, बाटलीत बुडबुडे उठले, थोड्या वेळाने 91. त्याची आई माझ्याकडे पाहत नव्हती, ऑक्सिमीटरकडे पाहत होती. घरी येऊन मी सकाळपर्यंत फोन हातात धरून बसलो. तो वाजला नाही. पहाटे अ‍ॅम्ब्युलन्स आली, धुळ्याला बेड मिळाला, एकोणीस दिवसांनी तो माणूस घरी परतला.

सकाळी मी सतराही घरांना फोन करून सांगितलं की काल रात्री तुमचं मशीन मी दुसऱ्याला दिलं होतं. बहुतेक म्हणाले, बरं केलं. एका आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग कागद कशाले दिन्हा व्हता?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शक्यता कमी होती, हे उत्तर नाही. त्यांनी शक्यतेवर नाही, माझ्या शब्दावर मशीन परत केलं होतं. त्या दिवशी दुपारी, भर उजेडात, आम्ही नियम बदलून लिहिला: अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंतच्या वेळेपुरतं राखीव मशीन नव्या रुग्णाला देता येईल, आणि त्या वेळात कागदवाल्या घरातून फोन आला तर सर्वांत जास्त लेव्हल असलेल्या घरातलं मशीन आणायचं. हे वाक्य सतरा घरांना वाचून दाखवलं. आबांनी दोनदा वाचायला लावलं, मग हो म्हणाले.

मशीनं आता कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहेत. आत झिओलाइटचे दाणे असतात. हवेतला नायट्रोजन तेच धरून ठेवतात. नुसती पडून राहिली तर ते ओल धरतात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी नऊही मशीनं अर्धा-अर्धा तास चालवतो, फिल्टर धुतो आणि मीटर वहीत लिहितो. काकूंचा टॉवेल 4 नंबरवर अजून आहे. परवाचा आकडा 2316.